एकशे दहाचा पाहुणा

भाचा न्यू जर्सीहून कायमचा परत आला. बॅगेत कपडे कमी. एक टेबलावरचं घड्याळ मामीसाठी, आणि टॉवेलात गुंडाळलेला त्याचा लाडका डेस्कटॉप. "मामा, तिकडे 120 व्होल्ट. इथल्या 230 वर लावू नका हं!" आम्ही पुंडलिकनगरचे, पाहुण्याला त्रास नको म्हणून मी आधीच स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर आणून ठेवला होता. वजन वरवंट्याएवढं, किंमत सौ.ला सांगितलेली नाही.

तेवढ्यात पंखा पाहायला गल्लीतला वायरमन आला. "काका, हे काय करायलात?" म्हणत त्याने डेस्कटॉपचा डबा फिरवला. मागे, वायर लावायच्या जागेशेजारी, नखाएवढं लाल बटण, त्यावर 115. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्याने ते सरकवलं. 230 आलं. "हे न सरकवता लावलं असतं ना, फाट्कन आवाज अन् घरभर जळका वास." चपट्या पिनांची वायर त्याने बाजूला टाकली, आमच्या भंगारातल्या कॉम्प्युटरची तीन गोल पिनांची लावली. मॉनिटरवर तर 100 ते 240 छापलेलंच होतं. डेस्कटॉप सुरू! आत जाऊन विजेचे 12, 5 आणि 3.3 व्होल्टच होणार असतात. बाहेर 50 हर्ट्झ आहे की 60, याचं त्याला सोयरसुतक नसतं. मी तीन दिवस दुकानं पालथी घातली होती, ती या नखाएवढ्या बटणापायी.

"आणलाय तर वापरा तरी," सौ. म्हणाली. मग ट्रान्सफॉर्मरवर घड्याळ लावलं. व्होल्ट बरोबर झाले, पण ते घड्याळ विजेची आवर्तनं मोजून चालणारं. सेकंदाला 60 मोजायची सवय, आणि आपल्याकडे मिळतात 50. म्हणजे तासाला दहा मिनिटं मागे. हे ज्ञान मला नंतर झालं.

पाण्याचा दिवस होता. नळ पहाटे साडेपाचला येतो, पाऊण तासही टिकत नाही. रात्री अकराला वेळ मिळवून पाचचा गजर लावला आणि निर्धास्त झोपलो.

गजर झाला. उठून तोटी उघडली. नळाने फुस्स केलं. बाहेर लख्ख उजाडलेलं. शेजारच्या काकू भरल्या पाण्याने ओटा धूत होत्या. "डोळा लागला होय, भाऊ?"

मोबाईलमध्ये सहा वाजून बारा मिनिटं झाली होती. मामीच्या घड्याळात बरोबर पाच.