तिखट किती, एक ते दहा

एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या हॉटेलात वेटरने विचारलं, "तिखट किती हवं? एक ते दहा?" आणि मी म्हणालो, "दहा."

आमच्या घरी आमटीत गूळ पडतो. जबलपुरात जन्म काढला तरी "आप लोग तो दाल में भी शक्कर डालते हो" हे वाक्य आजही महिन्यातून एकदा ऐकतो. हिरवी मिरची माझ्या ताटात असते ती लग्नातल्या बँडवाल्यासारखी. असली की शोभा येते, जवळ कोणी जात नाही. पण त्या दिवशी टेबलावर पुतणीच्या ऑफिसातला एक अमेरिकन होता आणि त्याने माझ्या आधी "सात" म्हणून टाकलं होतं. आता मी काय तीन म्हणणार? आमचे आजोबा, भोसल्यांनी जबलपुरावर 1798 ते 1817 अशी जेमतेम एकोणीस वर्षं राज्य केलं तेवढ्या भांडवलावर उभा जन्म मिशीला पीळ देत जगले. तेच रक्त.

व्हेजिटेबल विंदालू आलं. विंदालू म्हणजे मुळात गोव्यातलं, पोर्तुगिजांच्या दारू-लसणातल्या डुकराच्या मांसापासून निघालेलं. तिथे त्यात गाजर आणि फ्लॉवर होता. गोव्याच्या माणसाने ते पाहून डोळ्यांत पाणी आणलं असतं. मी ते खाऊन आणलं. दुसऱ्या घासाला कान बंद झाले. तिसऱ्याला समोरच्या भिंतीवरचा ताजमहाल हलायला लागला. अमेरिकन माणूस काळजीने पुढे झुकला, तेव्हा मी नाक पुसत म्हणालो, "काही नाही, आईची आठवण आली. अगदी तिच्या हातची चव."

त्याचेही डोळे भरून आले. पुढे म्हणे त्याने हे ऑफिसभर सांगितलं. आमच्या आईने आयुष्यात कधी विंदालू हा शब्द ऐकला नव्हता.

सहा आठवड्यांनी मी जबलपूरला परत आलो तो 'अमेरिकन लोक आणि भारतीय जेवण' या विषयाचा तज्ज्ञ होऊनच. विषय कोणताही निघो, लाइट गेल्याचा, नातवाच्या मुंजीचा, मी दोन मिनिटांत गाडी न्यू जर्सीला नेत असे. ऐका हो, त्यांच्या लेखी आपलं जेवण म्हणजे एक नारिंगी रस्सा. त्यात कोंबडी पडली तर टिक्का मसाला, पनीर पडलं तर पनीरवाला. सोबत 'नान ब्रेड', म्हणजे पोळी पोळी. वर 'चाय टी', म्हणजे चहा चहा. आणि हळदीचं दूध! लहानपणी ज्याच्यासाठी आम्हाला पलंगाखालून ओढून काढायचे, ते तिथे 'टर्मरिक लाटे' नावाने कागदी पेल्यात मिळतं, आणि माणसं स्वतःच्या पायांनी रांगेत उभी राहतात. त्याच हळदीने जखम बरी होते याचं पेटंट 1995 साली मिसिसिपीतल्या एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने घेतलं होतं. आपल्या डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या सीएसआयआरने संस्कृत-उर्दू ग्रंथांचे दाखले देऊन ते 1997 मध्ये रद्द करवलं. हे सांगताना माझा आवाज असा लागे, जणू त्या फायली मीच उचलून नेल्या होत्या.

एका गोष्टीने मात्र मी खरोखर चिडलो होतो. 2021 मध्ये वॉशिंग्टन पोस्टमध्ये जीन वाइनगार्टन या विनोदी लेखकाने, न आवडणाऱ्या पदार्थांची यादी करताना, भारतीय जेवण एकाच मसाल्यावर चालतं असं लिहून टाकलं. एका! आमच्या घरच्या मिसळणाच्या डब्यात सात वाट्या आहेत आणि आठवीसाठी भांडण आहे. गदारोळ झाला, पाककृती-लेखिका पद्मा लक्ष्मी तुटून पडल्या, वर्तमानपत्राला दुरुस्ती छापावी लागली, त्यानेही माफी मागितली. या गृहस्थांना दोनदा पुलित्झर मिळालेलं. विनोदी लेखकांनी खाण्यावर लिहू नये असं माझं तेव्हापासून ठाम मत झालं. ते मी इथे मोडतो आहे, पण मला एकही पुलित्झर नाही, त्यामुळे नुकसान कमी.

चिडचिडीवर उतारा म्हणून मी 'चाय पानी' सांगतो. नगरला वाढलेल्या मेहेरवान इराणींनी 2009 साली नॉर्थ कॅरोलिनातल्या अ‍ॅशव्हिल गावात हे हॉटेल काढलं. भेळ, वडापाव आणि 'ओक्रा फ्राइज', म्हणजे कुरकुरीत भेंडी. 2022 मध्ये जेम्स बिअर्ड पुरस्कारांत अख्ख्या अमेरिकेतलं सर्वोत्कृष्ट रेस्टॉरंट म्हणून त्याचं नाव पुकारलं गेलं. नगरचा पोरगा, भेळ आणि पहिला नंबर! ही बातमी मी गोल बाजारच्या भाजीवालीलाही सांगितली. तिने विचारलं, "भेंडी कितनी तौलूँ?"

आता जरा जबलपूरचं बोलतो. अमेरिकन माणसाच्या जेवणावर आमच्या गावाचा जो ठसा उमटला आहे तो न्यूयॉर्कच्या कुठल्या शेफलाही उमटवता आलेला नाही. आमच्या गावाने अमेरिकेला दोन गुरू दिले. एक महर्षी महेश योगी. त्यांच्या संस्थेने 1974 मध्ये आयोवातल्या फेअरफील्ड गावी, मक्याच्या शेतांमधोमध, एक बंद पडलेलं कॉलेज घेऊन विद्यापीठ थाटलं. दुसरे आचार्य रजनीश. ते इथे तत्त्वज्ञान शिकवत, 1966 मध्ये नोकरी सोडली. आमच्या भंवरतालच्या बागेत मौलश्रीच्या झाडाखाली 21 मार्च 1953 ला आपल्याला ज्ञान झालं, असं ते सांगत. त्या वयाचा प्रत्येक जबलपूरकर त्यांच्या वर्गात बसलेला असतो. आमचे काका बसले होते, काकांचे साडू बसले होते, आमचा दूधवाला बसला होता. हे सगळे खरं बोलत असतील तर तो वर्ग राइट टाउनच्या स्टेडियममध्येच भरत असणार. आणि भंवरतालच्या झाडाखाली मीही बसलो आहे, पुष्कळदा. मला झाले ते डास.

तर रजनीश 1981 मध्ये ओरेगॉनला गेले. हजारो एकरांचं रान, भगव्या-लाल कपड्यातले शिष्य, रोल्स रॉइसचा ताफा. जेवण मात्र शाकाहारी. मग 1984 साली निवडणुका आल्या. गावकरी मतदानाला जाऊच नयेत म्हणून त्यांच्या काही अनुयायांनी 'द डॅल्स' गावच्या दहा हॉटेलांच्या सॅलड बारमध्ये साल्मोनेलाचे जंतू कालवले. 751 माणसं आजारी पडली. सुदैवाने मेलं कोणी नाही. खुद्द रजनीशांनी पुढे हात वर केले आणि बोट आपल्या सेक्रेटरीकडे दाखवलं. आता बघा, भारतीय जेवणाने पोट बिघडतं अशी अमेरिकेत कुजबूज असते. इथे बिघडली ती त्यांच्याच कोशिंबिरीने, त्यांच्याच देशात, आणि धागा येऊन पोचला भंवरतालला. हा किस्सा मी पुतणीच्या घरी त्या अमेरिकन माणसाला मोठ्या अभिमानाने सांगितला होता. सांगून झाल्यावर ध्यानात आलं, त्याने हातातली काकडी खाली ठेवली होती.

तोच माणूस बायकोला घेऊन यंदा जानेवारीत जबलपूरला आला. कान्ह्याला वाघ बघायचा आणि परतीच्या वाटेवर 'काका'कडे जेवायचं. आठ दिवस आधीपासून मी घर डोक्यावर घेतलं. मटाराचा हंगाम होता, आणि जबलपूरचा मटार म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. त्या दिवसांत आमच्याकडे पोह्यांत मटार, खिचडीत मटार, फारच झालं तर चहा तेवढा सुटतो. सौ. म्हणाली, "मटार-भात करते, थालीपीठ करते, ताकाची कढी." मी हसलो. तज्ज्ञ हसतो तसा. म्हटलं, "अगं, त्यांना यातलं काय कळणार? मला माहीत आहे त्यांना काय लागतं." आणि सदरमधल्या एका बड्या हॉटेलातून पनीर बटर मसाला, दाल मखनी, सोळा नान असा आदेश सोडला. शेवटी गोड म्हणून कमानिया गेटजवळच्या बडकुलांकडची खव्याची जिलबी. 1889 पासूनची ती काळीभोर, जाडजूड, पाकात निथळणारी जिलबी आणायला मी स्वतः गेलो.

पाहुणे आले ते पांढरेफटक. वाघ दिसला होता, पण जंगलातल्या रिसॉर्टवाल्याने 'खास भारतीय' म्हणून जे दोन दिवस खिलवलं होतं त्याने पोटाचा ताबा घेतला होता. म्हणजे त्या रिसॉर्टातही माझ्यासारखाच कोणी तज्ज्ञ असणार. मी नारिंगी रश्श्याचं झाकण उघडलं. वर तेलाचा तवंग, त्यावर क्रीमची नागमोडी रेघ. अमेरिकन बाईंनी एकदा त्या रेघेकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि हात धुवायच्या खोलीचा रस्ता विचारला.

मी नानच्या चळतीकडे बघत बसलो. सौ. काही न बोलता आत गेली. वीस मिनिटांनी दोन वाडग्यांत गुरगुट्या भात आला. मध्ये खळगा, खळग्यात पातळ तूप, आणि वरून चमचाभर पिवळी भुकटी. हिंगाचा वास सगळ्या खोलीभर.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"मेतकूट," सौ. म्हणाली. "आजारी माणसाला देतात."

तसं ते नव्हतं. म्हणजे आमच्या घरी तरी पूर्वी नव्हतं. हरभऱ्याची डाळ, तांदूळ, उडीद, थोडे गहू वेगवेगळे भाजायचे, मग मेथी, मोहरी, सुंठ, हिंग, हळद. प्रत्येकाचा भाजण्याचा वेळ निराळा, आणि उडीद करपला की सगळं गेलं. आई ते मंद आचेवर करायची. तोंडाने काहीतरी मोजत असायची, काय ते कधी विचारलं नाही. तिसरीत मी डब्यात मेतकूट-भात नेला. शेजारच्या बाकावरचा पोरगा ओरडला, "अरे, ये पीला चूरन खाता है!" वर्गभर महिनाभर मी 'चूरन' होतो. घरी येऊन आईला सांगितलं, उद्यापासून पराठा. तिने कारण विचारलं नाही. शेजारच्या शुक्ला काकूंकडे जाऊन पराठा शिकून आली. मेतकुटाचा डबा वरच्या फळीवर गेला आणि मग कोणाला ताप आला तरच उतरू लागला. पुतणीची मुलगी अमेरिकेतल्या शाळेत डबा लपवून खाते असं पुतणीने सांगितलं तेव्हा मी त्या लोकांच्या कोतेपणावर अर्धा तास बोललो होतो. हे मला तेव्हा आठवलं नव्हतं. वाडग्याकडे बघताना आठवलं.

आई दुपारी एकटी असताना खात असावी. डबा आजाऱ्यांच्या मानाने लवकर रिकामा होई.

का कोण जाणे, मला आनंदीबाई जोशी आठवल्या. 1883 साली अठराव्या वर्षी अमेरिकेला गेलेल्या. साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही. फिलाडेल्फियाच्या थंडीत धुरकट शेगडीशी झगडत स्वतःपुरतं शिजवायचं आणि मग डॉक्टरीचा अभ्यास करायचा. 1886 मध्ये पदवी मिळाली, पुढच्या वर्षी पुण्यात गेल्या, वयाची बावीस वर्षंही पुरी नव्हती. त्यांच्या ताटात काय पडत होतं त्याला कुठलाही पुरस्कार नव्हता, आणि तिखट किती, हे विचारणारा वेटरही नव्हता.

पाहुण्याने वाडगा चाटूनपुसून खाल्ला. दुसरा मागितला. त्याच्या बाईंनी तिसरा. मग माझ्याकडे वळून तो हळव्या आवाजात म्हणाला, "तुमच्या आईच्या हातची चव अशीच होती ना? त्या दिवशी तुम्ही रडला होता."

सौ.ने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो. अगदी अशीच." आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी खरं बोललो आणि तेही चुकून.

जिलबीला मात्र ते दोघे 'फनेल केक' म्हणाले. त्यांच्याकडे जत्रेत मिळतो म्हणे. यावर मला काहीही बोलायचं नाही.

पाहुणे गेले. पुढचे तीन दिवस मी सकाळ-संध्याकाळ पनीर बटर मसाला आणि चामड झालेले नान खात होतो. सौ. समोर बसून थालीपीठ खात होती. चौथ्या दिवशी फाटकाशी समोरचे मिश्राजी भेटले. आम्ही तिसरीपासून एका शाळेत होतो.

"का बड्डे, का खवाओ अंग्रेज को?"

मी छाती फुगवली. "पूछो मत. छप्पन भोग. सदर से मँगवाया था सब."

आतून सौ.चा आवाज आला, "मेतकूट!"

मिश्राजी क्षणभर गप्प झाले. मग डोळे बारीक करून म्हणाले, "वो... पीला चूरन?"

मी काहीच बोललो नाही. ते फाटकाला रेलले, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "दो दिन से पेट ठीक नइयाँ बड्डे. थोड़ो सो हमाए लाने भी बचो है का?"