रीडमीकर

आयटी कंपनीच्या प्रत्येक मजल्यावर एक रीडमीकर असतो. हिंजवडीला असतो, बाणेरला असतो, ऐरोलीला तर असतोच. बाकीचे कोड लिहितात. तो कोड चालवायचा कसा हे रीडमीकर लिहितो, आणि ते कुणी वाचत नाही म्हणून पित्त वाढवून घेतो. पहिल्याच पानावर ठळक अक्षरात असलेली गोष्ट विचारायला कुणी त्याच्या टेबलाशी आलं, की मान वर न करता एकच शब्द : "लिहिलंय."

लिहिलेलं असतं, हे खरं. पण कसं? 'योग्य ते पर्याय देऊन कमांड चालवावी.' योग्य म्हणजे कोणते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला मॅन्युअल लागत नाही.

सध्या त्याच्या गळ्यात पोर्ट फॉरवर्डिंगचं एक टूल पडलंय. एका यंत्राच्या पोर्टवर येणारी रहदारी बोगद्यातून दुसऱ्या यंत्राच्या पोर्टवर नेऊन सोडायची, एवढंच त्याचं काम. एसएसएच हे वर्षानुवर्षं करत आलंय. १९९५ साली फिनलंडच्या तातू यलोनेननं एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३ यांच्यामधला २२ नंबरचा पोर्ट रिकामा बघून तो एसएसएचसाठी मागून घेतला, ही कथा रीडमीकर कँटीनमध्ये अशी सांगतो, की त्या अर्जावर साक्षीदार म्हणून यानंच सही केली असावी.

नवीन आहे ते गिऱ्हाईक. हे टूल माणसं नव्हे, एआय एजंट वापरणार. एजंट कुठल्यातरी कंटेनरमध्ये बसून वेबसाइट बनवतो, ३००० नंबरच्या पोर्टवर सर्व्हर चालू करतो आणि थाटात कळवतो, 'लोकलहोस्ट ३००० वर पाहा.' आता हा लोकलहोस्ट त्याचा, कंटेनरच्या आतला. तुम्ही आपल्या लॅपटॉपवर पाहता, तर शुकशुकाट. म्हणून बोगदा. त्यात एका वेळी चार-चार एजंट कामाला लावलेले. पासष्ट हजारांवर पोर्ट असताना चौघांनाही ३०००च हवा. रिकाम्या एसटीत सगळ्यांना खिडकीच हवी असते, तसं.

या एजंटांसाठी वेगळी फाइल लिहायची असते. २०२४ साली जेरेमी हॉवर्डनं भाषा-मॉडेलांना वाचायला सोपी जावी अशी 'एलएलएम्स डॉट टीएक्सटी' ही फाइल सुचवली, पाठोपाठ 'एजंट्स डॉट एमडी' आली, आणि रीडमीकराचं नशीब फळफळलं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्याला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा वाचक मिळाला. मग लेखणीला काय बहर आला! 'आधी पोर्ट मोकळा आहे का ते तपासावे. नसल्यास त्यावर बसलेली प्रोसेस मारू नये. ती दुसऱ्या एजंटाची असू शकते. पुढचा पोर्ट घ्यावा व कोणता घेतला ते सांगावे. लॅपटॉपच्या बाजूला १२७.०.०.१ वरच ऐकावे, ०.०.०.० वर ऐकल्यास वायफायवरचा कोणीही आत डोकावेल. काम झाल्यावर बोगदा बंद करावा.' मजकूर इंग्रजीत, पण सूर अस्सल सदाशिव पेठी. आणि प्रत्येक 'करू नये'ला कारण जोडलेलं! माणसांना त्यानं कधी कारण दिलं नव्हतं.

टूल मध्येच 'पुढे जायचं का? हो/नाही' असं विचारायचं. उत्तर द्यायला समोर कुणीच नाही, एजंट आपला ताटकळत उभा. रीडमीकर कळवळला. डेव्हलपरच्या मागे लागून त्यानं तो प्रश्नच काढायला लावला.

कहर पुढेच झाला. एजंट अधूनमधून 'डॅश डॅश जेसन' असा पर्याय ठोकून द्यायचा. टूलमध्ये असं काही नव्हतंच. त्यानं ते आत्मविश्वासानं कल्पिलं होतं. हेच एखाद्या माणसानं केलं असतं तर 'लिहिलंय' ऐकून परत गेला असता. इथं रीडमीकर म्हणाला, "त्याला तसं वाटतंय, म्हणजे तसंच असायला हवं होतं." पुढच्या आवृत्तीत तो पर्याय खरोखर आला. जावयाचे एवढे लाड होत नाहीत.

मध्यंतरी नांदेडची एक मुलगी नव्यानं रुजू झाली. कुणालाही न विचारता, दुपारच्या जेवणाआधी तिनं टूल चालवून दाखवलं. रीडमीकर भारावून तिच्या टेबलापाशी गेला.

"मॅन्युअल वाचलंस वाटतं?"

"नाही सर, ते काही कळेना. एजंटांसाठी फाइल आहे ना, ती वाचली. त्यात सगळं नीट समजावून सांगितलंय."

सर काही बोलले नाहीत. जागेवर जाऊन त्यांनी त्या फाइलच्या डोक्यावर एक ओळ चढवली : 'ही फाइल माणसांसाठी नाही.'

तेव्हापासून एजंट काम सुरू करण्याआधी न चुकता नोंदवतो, 'सूचना समजली. मी माणूस नाही.' मजल्यावरची पोरं अजूनही तीच फाइल वापरतात. वरची ओळ तेवढी कुणी वाचलेली नाही.