वल्ही वडिलांची, बिल वारसांचं

कॅनडात टोरोंटोच्या उत्तरेला, मस्कोकाच्या तळ्यांकाठी ‘कॉटेज’ म्हणून जे उभं असतं, त्यातल्या काहींत आपल्याकडचा अख्खा वाडा बिऱ्हाडकरूंसकट मावेल. बोटीला वेगळं घर, आणि त्या घराच्या माडीवर पाहुणे.

वडिलांनी घालून दिलेले नियम तिथे अबाधित. महोगनीची बोट दर वसंतात घासायची, व्हार्निश करायची. दोर बांधायचा तो त्यांच्याच गाठीने. त्यातून पोर्ट कार्लिंगला तयार झालेली जुनी ‘डिसॲपिअरिंग प्रोपेलर’ बोट असेल, तर कौतुकाला पारावार नाही. खडक लागला की तिचा पंखा मुकाट्याने बोटीच्या पोटात शिरतो. छपराच्या दुरुस्तीचं बिल आलं की भावंडांचंही नेमकं तेच होतं.

खरी गंमत वडील गेल्यावर.

कॅनडात वारसा कर नाही, हे ऐकून वारस सुखावतात. पण १९७२पासून भांडवली नफ्यावर कर आहे, आणि माणूस मरताक्षणी त्याने सगळी मालमत्ता बाजारभावाने विकली, असं कायदा धरून चालतो. भल्या माणसाने जन्मात एक वल्हंही विकलेलं नसतं! मालमत्ता आईच्या नावे झाली तर हिशेब पुढे ढकलता येतो, इतकाच दिलासा. राहत्या घराची सवलत एका वर्षी, एका कुटुंबाला, एकाच घरावर. शहरातलं की तळ्याकाठचं, ते तुम्ही ठरवा.

म्हणून धोरणी वडील या कराच्या तरतुदीसाठी आयुर्विम्याचे हप्ते भरत राहतात आणि मुलांना उन्हाळ्यात आवर्जून बोलावतात. मुलंही येतात, वायफायची खात्री करून.