मास्तरांची फजिती

घरात अडीच वर्षांचं मूल असलं की प्रत्येकाच्या अंगात व्याकरणाचा मास्तर संचारतो. एरवी स्वतः ‘मी तुला बोल्लो होतो’ म्हणणारा मामासुद्धा भाचीला बजावतो, “करलं नाही गं, केलं म्हण.” भाची मान डोलावते आणि शांतपणे सांगते, “हो, मी करलं.”

खरी मौज पुढेच आहे. हीच मुलगी काही दिवसांपूर्वी ‘केलं’, ‘गेला’, ‘आला’ अगदी बिनचूक म्हणत होती. एकाएकी ‘जाला’, ‘येला’ सुरू झालं. आजीचा संशय पाळणाघरावर. पण पोर बिघडलेली नसते, शहाणी झालेली असते. आधी ती ऐकलेलं जसंच्या तसं परत करत होती. आता तिला छडा लागलाय की ‘बस’चं ‘बसला’ होतं, ‘रड’चं ‘रडला’. मग ‘कर’नेच काय घोडं मारलंय? घरात कुणाच्याही तोंडी नसलेलं हे रूप तिने स्वतःच्या डोक्याने पाडलेलं असतं. आडमुठेपणा असलाच तर तो मराठीचा.

जीन बर्को या अमेरिकन बाईंनी १९५८ साली लहान मुलांना पक्ष्यासारखं एक चित्र दाखवून सांगितलं, हा ‘वग’. मग असे दोन दाखवले. जगात कुठेही नसलेल्या त्या प्राण्याचं अनेकवचन पोरांनी बहुतेक वेळा बरोबर सांगितलं, ‘वग्ज’. पाठांतराचा प्रश्नच नव्हता, कारण शब्द बाईंनीच तयार केलेला.

आपल्याकडे तर लिंगांचा वेगळाच घोळ. दिवसभर आईला चिकटलेला मुलगा खुशाल ‘मी जाते’ म्हणतो आणि काका खो खो हसतात. कोल्हापूरकडे बायकाही ‘मी येतो’ म्हणतात, त्यामुळे तिथल्या पोरांचं निदान एवढं तरी सोपं. इतरांनी ओळखायचं कसं, की ‘मी’ सगळ्यांचा एकच, पण क्रियापद बोलणाऱ्याप्रमाणे बदलतं? हे कुणी समजावून देत नाही. समजावू गेलं तर मोठ्यांचीच त्रेधा उडेल. तरी बालवाडीत जाईपर्यंत बहुतेकांचं आपोआप जागेवर येतं.

शिकवून काय होतं ते मार्टिन ब्रेन या मानसशास्त्रज्ञाला विचारावं. त्याच्या मुलीला दुसरा चमचा हवा असला की ती ‘अदर वन स्पून’ म्हणायची. बापाने एकदा तिच्याकडून एकेक शब्द वदवून घेतला: ‘अदर’, ‘स्पून’, मग दोन्ही मिळून ‘अदर स्पून’. मुलीने सगळं नीट म्हटलं आणि लगेच फर्मावलं, आता ‘अदर वन स्पून’ द्या! बिचाऱ्याने १९७१ साली हे छापूनही टाकलं. मला हा माणूस फार आवडतो.

तसं पाहिलं तर आपली मास्तरकी पाहुण्यांसमोर मिरवण्यापुरतीच. रॉजर ब्राउन आणि कॅमिल हॅन्लन यांनी १९७० साली आईमुलांची घरातली बोलणी तपासली, तेव्हा आया व्याकरणाकडे जवळजवळ कानाडोळाच करताना दिसल्या. पोर खरं बोलतंय की खोटं, यावर मात्र त्यांचं बारीक लक्ष. यात नवल कसलं? नात धावत येऊन “आबांनी लाडू खाला” असं जाहीर करते, तेव्हा ‘खाल्ला’ म्हण, असं आजी सांगत नाही. ती चष्मा वर करून आबांकडे बघते आणि एवढंच विचारते, “कितवा?”