भाकरी कोण थापणार?

"आता शिकून काय कलेक्टर होणार आहेस का?"

चाळिशीनंतर वही-पेन हातात घेणाऱ्याला आपल्याकडे हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. माझ्या अक्काने तो गेल्या आषाढात तिघांकडून ऐकला. एक दीर, एक चुलतसासू आणि गावातले एक पुढारी. तिघांनाही माझं एकच उत्तर आहे. तिला कलेक्टर व्हायचं नाही. तिला अंगणवाडी सेविका व्हायचं आहे.

अक्का त्रेचाळीस वर्षांची. सातारा जिल्ह्यातल्या एका वाडीवर अंगणवाडीत मदतनीस. बारा वर्षं ती घरोघरी जाऊन पोरं गोळा करते, झाडलोट करते, पाणी भरते, खिचडी शिजवते. सेविकाबाई बैठकीला गेल्या की वर्ग तीच सांभाळते. पोषण ट्रॅकरवर मुलांची वजनं-उंच्या भरायलाही बऱ्याचदा तीच बसते. मानधन मात्र सेविकेच्या निम्म्याहून थोडंसंच जास्त. सेविका व्हायचं तर बारावी पास लागते, आणि अक्का नववी पास आहे.

म्हणजे आधी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी. मग मध्ये दोन वर्षं थांबायचं. मग पुन्हा सतरा नंबरचा फॉर्म आणि बारावी. सगळं सुरळीत झालं तरी सत्तेचाळिशी उजाडेल. हा हिशेब अक्काने स्वतःच मांडला, खिचडीच्या तांदळाच्या रिकाम्या पोत्यावर बसून, आणि मग मला फोन केला.

पहिली अडचण आली ती दाखल्याची. फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. अक्काचा दाखला अठ्ठावीस वर्षांपूर्वी घराच्या पत्र्यातून गळलेल्या पाण्यात गेला. दुसरी प्रत काढायला आम्ही दोघी तिच्या जुन्या शाळेत गेलो. एकदा गेलो, दोनदा गेलो, चार वेळा गेलो. लेखनिक म्हणाले, "या नावाची मुलगी रजिस्टरात नाही." कशी असेल? लग्नात सासरच्यांनी आडनावाबरोबर तिचं पहिलं नावही बदललं. आधारवर नवं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. रजिस्टरात आईने ठेवलेलं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. कागदोपत्री या दोन वेगळ्या बायका. त्या दोघी एकच आहेत हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला, त्यासाठी ग्रामपंचायत, त्यासाठी दोन साक्षीदार आणि त्यासाठी बुडालेली तीन दिवसांची मजुरी. लग्नात मुलीचं नाव तांदळात अंगठीने लिहून बदलण्याची हौस ज्या घरांना अजून आहे, त्यांनी तिला एकदा अशा फेऱ्या मारायला सोबत न्यावं. ही प्रथा बंद झाली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही.

अखेर रजिस्टराचं ते पिवळं पान सापडलं. अक्काने स्वतःच्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. गुणपत्रिकेवर दाखल्यावरचंच नाव येतं, हे मी तिला सांगितलं. "मग पास व्हायलाच पायजे," ती म्हणाली.

दुसरी शंका डोक्याची. या वयात अभ्यास डोक्यात शिरतो का? ज्यांना असं वाटतं, त्यांना मी पार्वतीबाई आठवल्यांचं नाव सांगते. जन्म १८७० चा, कोकणातला. ऐन विशीत वैधव्य. शिक्षण सुरू झालं ते त्यानंतर, मेहुणे धोंडो केशव कर्वे यांच्या आधाराने. पुढे हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या. इंग्रजी येत नाही ही खंत मनाला लागली, तेव्हा १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरची कामं करून राहिल्या आणि शिकल्या. 'माझी कहाणी'त त्यांनी हे सगळं लिहून ठेवलं आहे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी परदेशात परकी भाषा शिकता येते, तर त्रेचाळिसाव्या वर्षी बीजगणित का येऊ नये?

आणि बीजगणित अक्का रोज करतेच. पटावर बत्तीस मुलं, आज आली एकवीस, तर तांदूळ किती, डाळ किती, तेल किती? हे ती पातेल्यापाशी उभ्या उभ्या सांगते. मी तिला पुस्तकातलं गुणोत्तर-प्रमाणाचं उदाहरण दाखवलं. तिने ते वाचलं आणि म्हणाली, "एवढंच व्हय? मग ह्याला एक्स कशाला म्हणायचं?" पास व्हायला शंभरात पस्तीस गुण लागतात. मार्चमध्ये एखादा विषय राहिला तर जून-जुलैत पुन्हा देता येतो. डोक्याची काळजी मला नाही.

काळजी आहे ती तासांची.

अक्का पहाटे पाचला उठते. धार, पाणी, चूल, डबे. मग अंगणवाडी. तिथून सुटली की वैरणीला रानात. पुन्हा धार, पुन्हा चूल, भांडी. साडेनऊला पाठ टेकते तेव्हा बोलतानाच झोप लागते. यात पुस्तक कुठे उघडायचं? मी हे विचारलं तर म्हणाली, "सगळी झोपल्यावर बघीन की." सगळ्यांच्या झोपेनंतर उरलेलं, दमलेलं, पेंगुळलेलं काहीतरी, तेवढाच वेळ आपला, असं तिने मनाशी पक्कं केलं आहे. दाजींना विचारलं तर ते खरोखर मनापासून म्हणाले, "शिक की, मी कुठं नको म्हणतोय?" दाजी माणूस चांगला आहे. पण नको न म्हटल्याने चूल पेटत नाही.

आपल्याकडे ज्यांनी मोठ्या वयाच्या माणसांना शिकवलं, त्यांनी आधी घड्याळ बघितलं. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी शाळा काढली ती रात्रीची, कारण दिवस त्यांचा नव्हता. मुंबईच्या रात्रशाळा अजूनही संध्याकाळी, कामं सुटल्यावर भरतात. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारीतल्या त्या आज्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. शाळा भरायची वेळ फारशी कुणी पाहिली नाही. ती होती दुपारी दोन ते चार. घरची कामं उरकलेली असतात आणि संध्याकाळची चूल अजून पेटायची असते, नेमका तेवढाच तुकडा. ज्या कुणी ती वेळ ठरवली, त्याला शिक्षण म्हणजे काय ते कळलं होतं.

इथे माझी बाजू सांगायलाच हवी. अक्काची शाळा सुटली ती वडील आजारी पडले म्हणून. शेतावर हात कमी पडले. दादाची शाळा चालू राहिली, तिची थांबली. मी सगळ्यात धाकटी. मी दहावीला आले तोवर घर सावरलं होतं. रात्री मी कंदिलाजवळ भूमितीची प्रमेयं पाठ करायचे आणि पलीकडे परातीत थापण्याचा आवाज यायचा. माझ्या पासष्ट टक्क्यांच्या प्रत्येक संध्याकाळी कुणीतरी भाकरी थापत होतं, आणि ते कुणीतरी अक्का होती. ही परतफेड आहे की काय मला ठाऊक नाही. पण तो आवाज मी विसरलेले नाही.

शहरात चित्र वेगळं आहे. तिथे पंचेचाळिशीतल्या माणसाला शिकू नको असं कुणी म्हणत नाही. उलट हप्त्यावर लाखाचे अभ्यासक्रम विकायला दिवसाला तीन फोन येतात. त्यांना एवढंच विचारावं की हे प्रमाणपत्र कुठल्या पदासाठी, कुठल्या परीक्षेसाठी ग्राह्य धरतात. उत्तर फिरवून आलं तर फोन ठेवावा. पदवीच हवी असेल तर १९८९ पासून नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नोकरी-घर सांभाळणाऱ्यांसाठीच उभं आहे. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी एलएलबीला बसायचं ठरवलं होतं. तीन वर्षांच्या त्या पदवीच्या सीईटीला महाराष्ट्रात वयाची कमाल मर्यादा नाही. तरी मी थांबले. आठवड्यातल्या कुठल्या तासातून काय काढून टाकणार, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. वकिली करायची होती असंही नव्हतं. ती इच्छा अजून आहे, तास सापडले की बघेन. अक्काचं तसं नाही. तिच्यापुढे एक पद आहे, एक रक्कम आहे, आणि ज्या वर्गात ती बारा वर्षं राबली तिथली खुर्ची आहे. तिने थांबू नये.

दाजींच्या घरात वीस वर्षांचा मुलगा आहे. आयटीआयला जातो, मोटार उघडून पुन्हा जोडतो. भाकरी थापायला त्याला कुणी शिकवलेलं नाही, आणि त्यानेही कधी शिकव म्हटलेलं नाही. त्याचा दोष मी अर्धाच धरते, उरलेला आम्हा मोठ्यांचा. पण आता तो वीस वर्षांचा आहे, आणि चुलीवरची भाकरी उलटायला आठवड्याभरात येते. पहिल्या चार करपतील. करपलेली भाकरी दुधात कुस्करून खाता येते.

फॉर्म भरून झाला आहे. पुस्तकं आणली आहेत, गणिताच्या दोन्ही भागांना तपकिरी कागदाचं कव्हरही घालून झालंय. वाडीवरची एक बारावी झालेली मुलगी रोज संध्याकाळी साडेसात ते नऊ शिकवायला तयार आहे. साडेसात ते नऊ ही अक्काच्या घरी भाकरीची वेळ.

येत्या रविवारी मी तिच्याकडे जाते आहे. दाजी आणि भाचा दोघंही घरी असतील. जेवणं झाली की परात मध्ये ठेवून दोघांनाही विचारणार आहे, सोमवार ते शनिवार, साडेसात ते नऊ, चुलीपाशी कोण बसणार?