घरच्या घरी टायर : शास्त्रोक्त विधी

साहित्य : दोन टामी, सतरा-एकोणीसचा पाना, पक्कड, हातोडी, हवेचा पंप, भांड्याच्या साबणाचं पाणी, अंगाला लावायची पावडर, नवा टायर, एक नवी ट्यूब आणि आणखी एक नवी ट्यूब. दुसरी ट्यूब कशाला, असं विचारू नये. ती लागते. टामी तीन असतील तर उत्तम. दोनच असतील तर तिसरी म्हणून स्वयंपाकघरातला कालथा घ्यावासा वाटतो. घेऊ नका. आमच्याकडचा कालथा आता पोळी उलटवत नाही, नुसती खालून बघतो.

यांशिवाय ऊन लागतं. ऊन हे या कामातलं मुख्य अवजार, आणि त्या बाबतीत वऱ्हाडाशी बरोबरी करायला उरलेल्या महाराष्ट्राने येऊ नये. नवा टायर दुकानातून येतो तेव्हा नव्या जावयासारखा असतो, कुठूनच वाकत नाही. त्याला अर्धा तास गच्चीवर उन्हात टाकला की रबर नरम येतं आणि तो बोलाचालायला लागतो. थंड मुलखात यासाठी हीटर लावतात म्हणे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास हिंडत असतो आणि त्याचं बिल येत नाही. फक्त एक ध्यानात ठेवावं : टायर उन्हात आणि माणूस सावलीत. पहिल्या खेपेला मी हे उलटं केलं होतं.

चाकावर काही तरी तापवून चढवणं वऱ्हाडाला नवं नाही. बंडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची तर लोहार ती आधी गोवऱ्यांच्या जाळात लालबुंद करायचा. तापून फुगलेली धाव सांडशांनी उचलून चाकावर ठेवायची, घणाने ठोकत बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आकसलं की आरे न् तुंबा, सगळं असं आवळून बसायचं की मग खुशाल दगडधोंड्यांतून न्यावं. लहानपणी गावी मी हे पाहिलंय. वाफेचा लोट, जळक्या लाकडाचा वास, आणि भोवती उभ्या असलेल्या पंधरा-वीस माणसांतून लोहाराला एकानेही सल्ला दिला नव्हता. ही शेवटची गोष्ट किती दुर्मिळ, हे मला पुढे कळलं.

हवेचा टायर चालता केला तो बेलफास्टच्या डनलप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने, १८८८ साली, पोराच्या तीनचाकी सायकलसाठी. पुढे आपल्याकडे रबरी चाकांची बैलगाडी आली आणि लोक तिलाच ‘डनलप’ म्हणू लागले. गुरांच्या डॉक्टरचं नाव शेवटी गुरांच्याच गाडीला चिकटलं. एवढा न्याय इतिहासात सहसा होत नाही.

टायर घेताना त्याच्या अंगावरचं लिखाण वाचावं. लग्नाच्या बायोडाट्यापेक्षा ते खरं असतं. आमच्या स्प्लेंडरच्या (टाकीवर अजून ‘हीरो होंडा’च लिहिलेलं आहे, त्यावरून वय ओळखावं) टायरवर २.७५-१८ असं असतं : रुंदी पावणेतीन इंच, रिमचा व्यास १८ इंच. पुढे ४८पी दिसलं तर ४८ म्हणजे १८० किलो वजन आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर. आमच्या गाडीने वेगाची मर्यादा कधी पाहिली नाही, वजनाची मात्र दर आठवडी बाजाराला पाहिली आहे. एका कोपऱ्यात चार आकडे असतात. २४२३ म्हणजे २०२३ सालचा २४ वा आठवडा. दुकानदार ‘कालच आला माल’ म्हणत असेल तर हे आकडे मोठ्याने वाचावेत. आणि एक बाण असतो, चाक कोणत्या दिशेने फिरायचं ते सांगणारा. बाणाबद्दल पुढे बोलू. तो विषय माझ्यासाठी अजून ओला आहे.

आता चाक काढा. गाडी डबल स्टँडवर. ब्रेक रॉडचा नट सोडा, मग धुऱ्याचा नट, मग धुरा हातोडीने हलके हलके ठोकत बाहेर. धुरा निघाला की टण्णकन एक बुश खाली पडतो. तो डाव्या बाजूचा होता की उजव्या, हे पाहून ठेवणारा माणूस अजून जन्मायचा आहे, म्हणून काढायच्या आधी मोबाइलवर फोटो घ्यावा. फोटोत बुश दिसायला हवा. माझ्या फोटोत माझा अंगठा आहे. शिवाय बुश गोल असतो आणि आमच्या कॉलनीतली नाली उताराची आहे, तेव्हा आधी नालीवर फळी टाकावी.

चाक नसलेली गाडी दारात उभी राहिली की त्या घराला मयताच्या घराची कळा येते. जाणारा-येणारा थांबतो आणि हळू आवाजात विचारतो, “कवा झालं?” मग बसतो. आमच्याकडे साडेसातपर्यंत पाच माणसं जमली. त्यांत समोरचे सर. यांच्याकडे पूर्वी चेतक होती. १९७२ पासून बजाजने ही स्कूटर काढली आणि तिने महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा टायरविषयीचा दृष्टिकोन बिघडवून ठेवला. चेतकची रिम दोन तुकड्यांची. हवा सोडायची, नट काढायचे, रिम उघडायची, टायर बाजूला. आणि तेही करावं लागायचं नाही, कारण स्टेपनी असायची. (हा शब्द वेल्समधल्या एका रस्त्याच्या नावावरून आला. तिथे जादा चाकं बनायची. तिकडे तो शब्द कोणी ओळखत नाही, आपल्याकडे मूर्तिजापुरातलं पोट्टंही ओळखतं.) मोटारसायकलची रिम अखंड असते आणि स्टेपनी नसते. हे सरांना सांगून उपयोग नसतो.

“कायले येवढा जोर लावून रायला बापा,” सर म्हणाले, “आमच्या चेतकचं त चहा थंडा व्हायच्या आत होऊन जाय.”

“सर, ही चेतक नाही.”

“थेच त म्हन्तो मी.”

यावर शास्त्रात उत्तर नाही. चहा मागवावा.

वालची पिन काढून हवा पूर्ण सोडली, तरी टायरची कड रिमला धरून बसलेली असते. ती सोडवायला दाब लागतो. अमरावतीत १९१४ पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, तिथल्या मंडळींनी १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आणले. अशा गावाच्या रहिवाशाने टायरवर उभं राहून नाचावं आणि कड तसूभर हलू नये, ही लाजेची गोष्ट आहे. ती लपवण्याचा उपाय असा : चाक जमिनीवर आडवं ठेवा, शेजाऱ्याची गाडी जवळ आणा, तिच्या साइड स्टँडचा पाय टायरच्या कडेवर टेकवा आणि गाडी त्या बाजूला कलती करा. कड ‘फस्स’ करून सुटते. शेजाऱ्याला स्टँड का वाकलं ते सांगायचं की नाही, हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर आहे.

आणि आता मुख्य भाग. इथे घाई करू नका, या एका गोष्टीवर माझे चार तास गेले. रिमकडे नीट पाहा. तिच्या मधोमध सगळीकडून खोलगट चर असतो. टायरची कड रिमच्या काठापेक्षा लहान असते आणि ताणत नाही, तिच्या आत तारच असते. तरीही ती काठावरून बाहेर येते, कारण समोरच्या बाजूची कड त्या चरात उतरली की इकडे दोन बोटं ढील मिळते. सगळी विद्या एवढीच. वालच्या बाजूने टामी घाला आणि त्याच वेळी समोरची बाजू दोन्ही गुडघ्यांनी चरात दाबून धरा. न दाबता जो नुसता टामीवर जोर लावतो, त्याच्या टामीला टायर उत्तर देतो. मला ते हनुवटीवर मिळालं. सर म्हणाले, “चेतकमदी असं नोतं.”

बसवताना याच्या उलट : शेवट वालच्या बाजूला आला पाहिजे. साबणाचं पाणी कडेला सढळ हाताने लावा, ट्यूबला पावडर चोळा आणि आत घालण्याआधी तिच्यात दोन-चार पंप हवा भरा. नुसता आकार यावा इतकीच. ही हवा नसली तर ट्यूबची घडी टामीखाली येते आणि तिला दात लागतो. ते कळतही नाही. टायर बसतो, तुम्ही हात झटकता, आत आवाज देता की जमलं बरं का, आणि दहा मिनिटांनी चाक हळूहळू खाली बसतं. म्हणून दुसरी ट्यूब. पहिली फेकू नका, तिला ठिगळ लागतं. मात्र भोक शोधायला ती पाण्यात बुडवावी लागते, आणि मे महिन्यात आमच्या घरात मोठं भांडं रिकामं नसतं, सगळ्यांत पिण्याचं पाणी. भरलेली आणि ऐसपैस अशी एकच वस्तू : कूलरची टाकी. मागची जाळी काढून ट्यूब तीत फिरवली. बुडबुडे लगेच दिसले, एक नाही, जोडीने, साप चावल्यासारखी दोन भोकं. टामीचा दात असाच असतो. त्या रात्री कूलरने घरभर रबराची आणि पावडरची गार हवा सोडली.

“तुमाले सांगतलं होतं न, पंचरवाल्याकडे द्या म्हणून,” बायको अंधारात म्हणाली. मी झोपेत असल्याचं दाखवलं. हीही एक पायरीच आहे.

बाण. पहिल्यांदा मी बाण बरोबर बसवला होता, हे इथे नोंदवून ठेवतो. पण तोवर अंगणात समिती बसली होती. चाक आडवं पडलेलं, आणि आडव्या चाकाला पुढं-मागं नसतं. जो ज्या बाजूला बसला त्याला बाण तिकडून दिसला. दोघे म्हणाले उलटा, एक म्हणाला सुलटा, सर म्हणाले चेतकले बाण नसतो. बहुमताने टायर काढून फिरवला. संध्याकाळी गाडीला लावल्यावर बाण ब्रेकच्या बाजूने ठळकपणे बडनेऱ्याकडे दाखवत होता, गाडीचं तोंड मात्र शेगाव नाक्याकडे. समिती तोवर जेवायला गेली होती. तेव्हा बाण एकट्याने पाहावा, चाक उभं धरून, दार लावून.

काम शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होऊन रविवारी दुपारी साडेबाराला संपलं. एकतीस तास, एक टायर. तुलनेसाठी सांगतो : याच अमरावती-अकोला महामार्गावर २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटर लांबीची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून झाली आणि गिनीजमध्ये नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता, २५ किलोमीटरला दहा दिवस. त्या वेगाने माझ्या एकतीस तासांत बावीस किलोमीटर रस्ता झाला असता. पण तिथे सातशेवर माणसं होती आणि त्यांतला प्रत्येक जण काम करत होता.

त्याच रस्त्याने मला त्याच दिवशी अकोल्याला जायचं होतं. साळ्याच्या मुलीचं साक्षगंध, संध्याकाळी पाचला. बायकोने नवं चाक पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ती एसटीने गेली. नव्या टायरची पहिली चाल हळू असावी, नव्या रबराचा तुकतुकीतपणा जाईपर्यंत वळणावर गाडी झुकवू नये, इतकं मी पाळलं. लोणीच्या पुढे रस्ता तुळतुळीत लागला आणि गाडी धप-धप-धप करू लागली. विक्रमी रस्त्याचा तोटा हा की दोष रस्त्यावर ढकलता येत नाही. उतरून पाहिलं. टायरच्या बाजूला, रिमच्या काठालगत एक बारीक रेघ असते. ती सगळीकडून काठापासून सारखी दिसायला हवी. माझी एका जागी रिमच्या आत बुडाली होती. म्हणजे कड तिथे बसलीच नव्हती. उपाय सोपा : हवा सोडून कडेला पुन्हा साबण, मग जरा जास्त हवा. कड ‘टक्’ करून जागेवर येते, की हवा परत चेनकव्हरवरच्या स्टिकरवर लिहिली असेल तेवढी. मूर्तिजापुरात हवा भरणाऱ्या पोऱ्याने रेघ पाहिली.

“कोनं बसवला हा टायर?”

“हाय एक अमरावतीचा पंचरवाला,” मी म्हणालो.

साक्षगंधाच्या एकाही फोटोत माझे हात दिसत नाहीत. वंगणाचा काळा रंग नखांच्या कडेला बसला की तेल, साखर, रॉकेल, लिंबू, कशाने जात नाही, आठवड्याने आपोआप जातो. तोवर हात मागे बांधून उभं राहावं. त्यात एक भारदस्तपणाही दिसतो. सासरच्या एका वडीलधाऱ्यांनी मला मुलाकडचा समजून पहिल्या पंगतीत बसवलं.

आता शेवटची पायरी. ती कोणत्याही मार्गदर्शनात लिहिलेली नसते. तुम्हाला टायर बदलता येतो, ही बातमी तुमच्या आधी कॉलनीभर पोचते, आणि ती सरच पोचवतात. पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता घंटी वाजते. फाटकाशी कोणी तरी चपटं चाक घेऊन उभा असतो. त्याच्या मागे आणखी एक, त्याची गाडी बुलेट. “भाऊ हायेत काय? त्यायले येते म्हने.” अशा वेळी आतून मुलाकडून सांगायला लावावं, “बाबा अकोल्याले गेले.” मात्र हे सांगण्याआधी आपली गाडी फाटकाजवळून काढून मागच्या अंगणात नेऊन ठेवावी.