विज्ञानाकडे वळा, सातच्या आत

मुलींना विज्ञानाकडे वळवण्याचा हंगाम फेब्रुवारीत येतो. 11 तारखेला संयुक्त राष्ट्रांचा विज्ञानातील महिला आणि मुलींचा दिवस, 28 तारखेला आपला राष्ट्रीय विज्ञान दिन. मधल्या दिवसांत चांगलं सभागृह मिळणं मुश्कील. लग्नाचे मुहूर्तही याच सुमारास असल्यामुळे काही मुलींना दोन्हीकडे एकदमच वळावं लागतं.

कार्यक्रमाचा साचा ठरलेला असतो. फलकावरची मुलगी परदेशी असते, डोळ्यांवर गॉगल, हातातल्या चंचुपात्रात निळं पाणी. ते निळंच का असतं, हे रसायनशास्त्राच्या मॅडमनाही सांगता येत नाही, बहुधा मोरचूद. पहाटेपासून खपून मुलींनी दारात कार्बनच्या अणूची रांगोळी काढलेली असते. मुलगे तेव्हा प्रोजेक्टरची वायर जोडत असतात, कारण ती तांत्रिक बाब. आत येताना प्रमुख पाहुण्यांचा पाय पडतो आणि दोन इलेक्ट्रॉन पुसले जातात. ‘आता तो धन आयन झाला,’ असं नववीतली एक मुलगी म्हणते. पण तिच्या हातात औक्षणाचं तबक असल्यामुळे तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

मग भाषण. आज मुली कुठल्याही क्षेत्रात मागे नाहीत, हे सांगून झालं की त्यांनी पुढे यावं, असंही सांगितलं जातं. सावित्रीबाईंकडून थेट कल्पना चावलांकडे उडी, तिथून मंगळयान. 2014 साली यान मंगळाच्या कक्षेत पोचलं तेव्हा साड्या नेसून, केसांत फुलं माळून आनंदाने हसणाऱ्या इस्रोतल्या बायकांचा फोटो जगभर गाजला. पाहुण्यांना मोहिमेचं गणित आठवत नाही, केसांतली फुलं आठवतात. ‘मंगळावर पोचल्या, पण संस्कार सोडले नाहीत!’ टाळ्या. श्रोत्यांत पत्रिकेत मंगळ असलेल्या मुलींचे दोन-तीन बाप असतात, तेही वाजवतात. फोटोतल्या बायका प्रशासकीय कर्मचारी होत्या, असा खुलासा इस्रोने नंतर केला. मोहिमेत शास्त्रज्ञ बायकाही होत्या, चांगल्या महत्त्वाच्या जागांवर होत्या. पण उदाहरण म्हणून आपल्याला फोटो लागतो, आणि फोटोत फुलं लागतात.

एक गोष्ट मात्र पाहुणे सांगत नाहीत, आणि तो दोष मी त्यांना देत नाही. दिलेल्या कागदावर ती नसते. 28 फेब्रुवारी हा दिवस सर सी. व्ही. रामन यांचा. 1928 साली याच तारखेला त्यांचा तो जगप्रसिद्ध ‘परिणाम’ सापडला. 2020 साली केंद्र सरकारने या विज्ञान दिनाचं सूत्र ठेवलं, ‘विज्ञानातील महिला’. सरकारला विनोदबुद्धी नसते असं म्हणणाऱ्यांनी हे टिपून ठेवावं.

कारण 1933 साली कमला भागवत नावाची मुंबईची मुलगी बीएस्सीला विद्यापीठात पहिली आली आणि तिने बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. वडील आणि काका दोघंही त्याच संस्थेत शिकलेले. तेव्हा संचालक होते रामन. उत्तर आलं, मुली घेत नाही. आता ही पडली दुर्गा भागवतांची सख्खी धाकटी बहीण. या घरात नकार ही वाचून घडी घालून ठेवण्याची वस्तू नव्हती. ती बंगळूरला गेली आणि संचालकांच्या दाराशी सत्याग्रहाला बसली. शेवटी नोबेलविजेत्याने माघार घेतली, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही, परीक्षाधीन. मार्गदर्शक सांगतील तितकं रात्री उशिरापर्यंत काम करायचं. आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडवायचं नाही. पुरुष सहकाऱ्यांचं चित्त विचलित झालं तर जबाबदारी चित्ताची नव्हे, तिची.

वर्षभरात वातावरण बिघडलं नाही. उलट रामन यांचीच खात्री पटली आणि संस्थेचं दार मुलींना उघडलं. म्हणजे कमलाबाईंनीच एका मोठ्या शास्त्रज्ञाला विज्ञानाकडे वळवलं म्हणायचं, आणि तेही फलक, औक्षण आणि शाल-श्रीफळ यांतल्या कशाचाही खर्च न होता. पुढे त्या केंब्रिजला गेल्या, वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असतं हे दाखवलं आणि 1939 साली पीएचडी घेऊन आल्या. प्रबंध अवघा चाळीसेक पानांचा. आपल्याकडे प्रोत्साहन कार्यक्रमाचा अहवाल त्याहून जाड निघतो, शेवटी फोटो असतात म्हणून.

दार उघडल्यावर रामन यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत आलेल्या अ‍ॅना मणी यांनी हिरे आणि माणकांवर काम केलं, पाच शोधनिबंध लिहिले, प्रबंध सादर केला. एमएस्सी नाही, या कारणावरून त्यांना पीएचडी मिळाली नाही. हिरे तपासायला चालत होतं.

आता आजचं बघू. 2021-22 च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार विज्ञान शाखेत 57.2 लाख विद्यार्थी होते. त्यांत मुली 29.8 लाख, मुलगे 27.4 लाख. हा आकडा कुठल्याही पाहुण्यांना कळवू नये, त्यांचं भाषण जागच्या जागी संपेल. मुली कधीच वळून बसल्या आहेत. संशोधकांमध्ये मात्र त्यांचं प्रमाण पाचात एकाच्याही खाली येतं. मधल्या मधे या लाखो बायका जातात कुठे, यावर संशोधन व्हायला हवं. करायला बायका मिळाल्या तर.

वर वर तर हवा फारच विरळ आहे. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद 1942 ची, तिला पहिली महिला महासंचालक मिळाली 2022 साली. ऐंशी वर्षं शोध चालू होता, शोध लावणं हेच तिचं काम. आयआयटी 1951 पासून आहेत. आयआयटीच्या एखाद्या संकुलाची सूत्रं बाईच्या हाती पहिल्यांदा आली 2023 साली. कुठे? झांझिबारला. प्रीती अघालयम यांची योग्यता वादातीत, पण खरगपूर, पवई, कानपूर, चेन्नई, दिल्ली अशी सगळी स्थानकं ओलांडून आपली गाडी थांबली ती हिंदी महासागर ओलांडल्यावर!

आणि घर? ते तर प्रोत्साहनाचं माहेर. 2024 पासून महाराष्ट्रात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ झालं. फार चांगलं झालं, यात उपहास नाही. फक्त शुल्क माफ झालं, ‘सातच्या आत घरात’ माफ झालं नाही. अभियांत्रिकीला घाला, पण गावातल्याच कॉलेजात. कॉम्प्युटर घ्या, मेकॅनिकल नको, तिथे कपडे काळे होतात. प्रयोगशाळा रात्री चालू असते? मग ती काय प्रयोगशाळा! 1933 साली अट होती की रात्री उशिरापर्यंत थांब. आता अट आहे की सातच्या आत ये. प्रगती झाली हे मान्य करावंच लागेल, निदान घड्याळाच्या बाबतीत. घरी आल्यावर काय होतं तेही सरकारने मोजून ठेवलंय. 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी 299 मिनिटं राबत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष 97. यातला ‘करणारे’ हा शब्द नीट वाचावा. चारांतले जेमतेम एक.

तेव्हा आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीने या वर्षी निराळा उपक्रम हाती घेतला आहे: ‘पुरुषांनो, पोळीकडे वळा’. पुरुषांचा मेंदू मुळात उतू जाणाऱ्या दुधासाठी बनलेला नाही, असा गैरसमज समाजात खोलवर रुजला आहे. तो दूर करायला तज्ज्ञ बोलावले आहेत. फलकावर परदेशी पुरुष, हातात निळं लाटणं. मुलग्यांना लहानपणीच गोडी लागावी म्हणून खेळण्यातली भातुकली निळ्या डब्यात येईल. वडिलांनी कांदा चिरल्यास ‘मदत केली’ म्हणून टाळ्या वाजतील. ही प्रथा आधीपासूनच आहे, फक्त आता ती लेखी होईल.

आरक्षणावर मात्र सभेत वादळ झालं. ‘गुणवत्तेचं काय?’ असं खजिनदार ओरडले. गोल पोळी येणाऱ्या उमेदवाराला डावलून नकाशा लाटणाऱ्याला ओट्यापाशी जागा देणं हा अन्याय आहे, असं त्यांचं म्हणणं. मग तोडगा आयआयटीचाच काढला. मुलींचं प्रमाण वाढवायला 2018 पासून तिथे जादा जागा निर्माण केल्या, जेणेकरून मुलग्यांची एकही कमी होऊ नये. त्याच धर्तीवर आहे त्या दोन बर्नरना हात न लावता प्रत्येक शेगडीला तिसरा बसवण्यात येईल. प्रवेश पहिलं वर्ष परीक्षाधीन. मार्गदर्शक सांगतील तितकं रात्री उशिरापर्यंत काम करावं लागेल. स्वयंपाकघरातलं वातावरण बिघडवायचं नाही.

अर्ज मागवून झाले. आले तेवढे सगळे बायकांच्या अक्षरात भरलेले आहेत. छाननी चालू आहे.